खुशालरावांची बुंदी

अचलपुरात अब्बांनी जन्मभर लग्नांचे मंडप घातले आणि म्हातारपणी त्या लग्नांचं पुस्तक लिहिलं. प्रकाशक म्हणाला, "वऱ्हाडातले आहात, आत्महत्यांवर लिहा." अब्बा भडकले. "माह्या मंडपात लोकं जेवून राहिले, मरून नाही!"

मग खड्ड्यात गेला प्रकाशक म्हणत मीच ते ऑनलाइन छापायला टाकलं. तिथे मागणी येईल तेवढ्याच प्रती छापतात. पहिली प्रत मागवली मनकर्णाकाकूंनी. पुस्तकात त्यांचे खुशालराव पंगतीत आग्रह करकरून बुंदी वाढतात. गेल्या वर्षी खुशालरावांनी जीव दिला, तेव्हापासून काकूंच्या दारात फक्त चौकशीवाले येतात.

पुस्तक मिळताच काकू एसटीने आमच्या घरी आल्या. अब्बांनी गेलेल्या प्रत्येकाच्या नावाआधी अदबीने 'मरहूम' नाहीतर 'कैलासवासी' लावलं होतं. काकूंनी 'कैलासवासी खुशालराव' या शब्दांवर बोट ठेवलं.

"भाऊ, इथं तर थे बुंदी वाढून राहिले. मंग मेलेले कावून लिवले?"

मी लॅपटॉप उघडला, 'कैलासवासी' काढलं आणि फाईल पुन्हा चढवली.

"आता मले अजून एक मागव," काकू म्हणाल्या. "जित्ते असलेली."