भिंगरी कुणाची

दादा भरदुपारी दारात उभा राहिला, मागे वहिनी, आणि वहिनीच्या हातात रिकामी पिशवी. सीटवालीला तेव्हाच कळलं की ही भेट साधी नाही. दादा गोदामावरच्या हमालांचा मुकादम होता. दुपारच्या वेळी त्याच्या शिव्या पडल्याशिवाय तिथं एक पोतं जागचं हलत नसे.

तिला गल्लीत सगळे सीटवालीच म्हणत. मोटारसायकलींच्या फाटक्या सीटा ती शिवून द्यायची. लहानपणी अंगावर भिंत कोसळली आणि कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत होती. "मी जन्माची बसलेली, म्हणून दुसऱ्याच्या बुडाची काळजी मलाच जास्त," असं ती गिऱ्हाइकांना सांगे, आणि हसावं की नको या विचारात ते पडले की स्वतःच आधी हसे. शिलाई मशीनचा पायाने दाबायचा खटका तिने कोपराशी बसवून घेतला होता. नवरा सुतार. त्याने मुलीचा पलंग असा केला होता, की एक बाजू दारासारखी उघडायची. खुर्ची टेकवली की मूल थेट मांडीवर. आता दीड वर्षाची भिंगरी स्वतःच खुर्चीच्या पाय ठेवायच्या पायटीवर पाय देऊन वर चढायची आणि आई पट्टा आवळेपर्यंत मान उंच करून थांबायची.

त्या आठवड्यात चढताना ती घसरली. कपाळ लोखंडावर आपटलं, टाके घालावे लागले. बातमी दादापर्यंत गेली, ती जाता जाता फुगत गेली.

"फोडलीस ना पोरगी?" दादाने भिंगरीला उचलून घेतलं. "लग्नाच्या वेळीच सांगितलं होतं. संसार कर, पण पोराच्या भानगडीत पडू नकोस."

"तुझ्या धाकट्याचा हात मोडला तेव्हा मी आले होते का पिशवी घेऊन?"

"तो पळताना पडला."

"हीपण चढताना पडली. मुलं पडतात, दादा."

वहिनी खाली मान घालून दोरीवरचे झबले पिशवीत भरू लागली.

"माझी दोन आहेत, तिसरं जड नाही," दादा म्हणाला. "तू येत जा भेटायला. म्हणजे, आम्हीच आणत जाऊ."

"तिला खाली ठेव."

"तुला पाठीवर घेऊन शाळेत नेलं ते याच दिवसासाठी का? वर तोंड करून बोलायला?"

"नेलंस. नाही विसरले. पण कुठल्या बाकावर बसायचं तेही तूच ठरवायचास. तिला खाली ठेव."

तिने खुर्ची वळवली, दारात आडवी लावली आणि दोन्ही ब्रेक ओढले. दादाने क्षणभर वाट पाहिली. मग भिंगरीला वहिनीच्या हातात कोंबलं, खुर्चीचं एक चाक धरलं आणि पोतं उलथवावं तशी खुर्ची उलथवली.

सीटवालीचं डोकं चौकटीवर आदळलं. कान वाजू लागले. त्या आवाजातूनही भिंगरीचं रडणं ऐकू येत होतं. तिच्या अंगावरून ओलांडून जाणारा पाय तिने दोन्ही हातांनी पकडला. पाय चालत नसले तरी खुर्ची ढकलून ढकलून तिचे हात लोखंडासारखे झाले होते. दादाने पाय झटकला, सुटला नाही. मग त्याने दुसऱ्या पायाने तिच्या तोंडावर लाथ मारली. ओठ फाटला, पुढचा दात जिभेवर येऊन पडला. तिने तो थुंकला आणि पकड सोडली नाही.

"सोड! सोड नाहीतर मारून टाकीन!"

त्याने पुन्हा लाथ उगारली. दाराशेजारच्या मशीनवरून कापडाचं एक टोक खाली लोंबत होतं, ते तिने ओढलं. कापडाबरोबर कात्री खाली आली, रेक्झिन कापायची, जड. ती तिने दादाच्या पोटरीत घातली. मूठ पोटरीला टेकेपर्यंत.

दादा असा ओरडला की समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले. पण गोदामातल्या माणसाला वेदनेने आधी राग येतो. कात्री उपसून त्याने भिरकावली, खुर्ची उचलली आणि ओट्यावर आपटली. एकदा, दोनदा, चाक वाकेपर्यंत. मग ती गटारात फेकली.

"आता ये माझ्या मागे," तो म्हणाला, आणि लंगडत वहिनीला रिक्षात ढकलून निघून गेला.

सीटवाली ओट्यावरून खाली आली ती कोपरांवर. डांबर तापलं होतं. कोपरं सोलली, पाय मागून फरफटत आले. ते कुठे कापले ते तिला कळलंही नाही, मागे रक्ताची रेघ उमटली तेवढीच. लोक बाजूला सरकत होते. एका बाईने तर तिच्या अंगावर चादर टाकली, जणू ती मेलीच होती. शेजारचा पंक्चरवाला तेवढा हातगाडी घेऊन धावत आला.

"दवाखान्यात नेतो."

"चौकीवर ने."

"अगं, तोंड बघ तुझं."

"तोंड आहे तोवर चौकीवर ने."

चौकीत दादा आधीच येऊन बसला होता. पोटरीला पट्टी, चेहरा पडलेला. त्याची तक्रार लिहून झाली होती: बहीण अपंग आहे, डोकं ठिकाणावर नाही, लेकराला जपता येत नाही, समजवायला गेलो तर कात्री मारली.

साहेबांनी हातगाडीकडे पाहिलं आणि पंक्चरवाल्याला विचारलं, "काय झालं हिला?"

"मला विचारा," सीटवाली म्हणाली. ओठांमुळे शब्द फेसाळत होते. "पाय गेलेत, जीभ नाही."

"बाई, तुम्ही आधी शांत व्हा. तुमचे मालक येऊ देत."

"मालक दुकानाला असतो. मला नवरा आहे. तो येईल. तोवर माझी मुलगी पळवून नेली, ते लिहा. लिहून घेतल्याशिवाय मी या गाडीवरून हलणार नाही, आणि माझ्या नशिबाने मला बसून राहायची सवय आहे."

कोपऱ्यातला हवालदार नाकातल्या नाकात हसला. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी कोरा कागद ओढला.

तेवढ्यात सुतार आला. केसांत भुसा तसाच. बायकोचं तोंड पाहून त्याचा हात कमरेच्या पटाशीकडे गेला. तिने मान हलवली तसा तो थांबला. साहेब सुटल्यासारखे त्याच्याकडे वळले. "बरं झालं आलात. तुमचं काय म्हणणं?"

सुतार मुळात अबोल. मेहुण्यासमोर तर त्याचा आवाज कधीच चढला नव्हता. तो गाडीजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "ती बोलतेय ना? तिलाच विचारा."

शेवटी सगळेच दादाच्या घरी निघाले. साहेब आणि हवालदार पुढे, दादा लंगडत, मागे हातगाडी.

वहिनीने दार उघडलं. कडेवर रडून रडून आवाज बसलेली भिंगरी. वहिनीचा डावा कान सुजून काळा पडला होता, मानेवर रक्त वाळलं होतं.

"हे कशानं?" साहेबांनी विचारलं.

"पडली ती," दादा म्हणाला. "आत जा तू. दार लाव."

वहिनी आत गेली नाही. "रिक्षात मारलं," ती म्हणाली. "मी म्हटलं, परत फिरू, पोर निळी पडतेय रडून. एवढंच म्हटलं." मग गाडीकडे पाहून म्हणाली, "वन्सं, झबले मीच भरले. मला भीती वाटली."

दादाचा हात साहेबांच्या डोळ्यांसमोर उठला. मूठ वहिनीच्या कानशिलावर बसली. ती भिंतीवर गेली, पण भिंगरीला तिने छातीशी घट्ट धरलं. दुसरा हात उठण्याआधी सीटवालीने स्वतःला गाडीवरून झोकून दिलं. ती त्याच्या पायांवर पडली आणि अंगठा पट्टीतून जखमेत दाबला, आत, जेवढा जाईल तेवढा. दादा झाडासारखा कोसळला. सुताराने त्याच्या छातीवर गुडघा रोवला, हवालदाराने हात पिरगळले. तरी तिचा अंगठा निघत नव्हता. साहेबांनीच तो ओढून काढला.

"बाई, झालं. झालं आता."

वहिनी खाली बसली आणि तिने भिंगरीला पुढे केलं. भिंगरीने आईच्या रक्ताळलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि ती मागे सरली. क्षणभरच. पण सीटवालीला ती लाथ लागली नव्हती एवढं ते लागलं. मग ती हलक्या आवाजात बोलू लागली. आवाज ओळखल्यावर पोर रांगत आली.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "कात्री तुम्ही मारलीत?"

"मारली. पुन्हा मारीन असं नाही म्हणणार. पुन्हा वेळ येऊ नये म्हणूनच इथे आलेय."

बालकल्याण खात्यातल्या एक बाई घर पाहायला आल्या. भिंगरीची आंघोळ, जेवण, सगळं त्यांनी उभं राहून पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला मदत लागत नाही का?"

"लागते की. ओट्याला उतार करून द्या. नवी खुर्ची मिळवून द्या. मुलगी उचलून नेण्याला मदत म्हणत नाहीत."

कात्री स्वतःच्या बचावासाठी चालली असं कोर्टाने मानलं, आणि दादाला शिक्षा झाली. वहिनीने साक्ष दिली आणि मुलांना घेऊन माहेर गाठलं. सीटवालीच्या आईने मात्र तिच्याशी बोलणं टाकलं. "भावाला आत घातलंस," एवढाच निरोप आला. त्या दिवशी तिने एकही सीट शिवली नाही. तिला दादाचं वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय याचा रागही येत होता. उतार अजून व्हायचा होता. खुर्ची आली, तीही मापाची नव्हती. त्यासाठी ती रोज खात्याशी भांडत होती.

एक दिवस भिंगरी उघड्या दारातून थेट रस्त्यावर धावली. ट्रकने करकचून ब्रेक मारला. पंक्चरवाल्याने तिला उचलून आणून दिलं. सीटवालीने हात उगारला, पंजा उघडा, खांद्यापासून मागे नेलेला. भिंगरीने डोळे मिटले आणि मान खांद्यांत ओढून घेतली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी जे पाहिलं त्यातूनच आलं होतं.

तो हात खाली आणायला सीटवालीला वेळ लागला. खाली आला तेव्हा तिने तो मांडीखाली दाबून ठेवला.

"मी घाबरले," ती मुलीला म्हणाली. "तू गाडीखाली गेली असतीस. मी खूप घाबरले."

भिंगरीने एक डोळा उघडला. मग पायटीवर पाय ठेवला आणि वर चढू लागली.