माझ्या पायाशी दुसऱ्याचं नाव

“बाई, या बुद्धांनी चीवर कुठे ठेवलंय?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून लवंगीने हे विचारलं आणि अख्खा वर्ग खुसखुसला. चणीने लहान, पण उडाली की आवाज मोठा, म्हणून ती लवंगी. आणि ते ‘बुद्ध’ म्हणजे मी.

मित्रांनो, मी चित्रकलेच्या वर्गातली एक जुनी प्लास्टरची मूर्ती आहे. कारागिराने मला साच्यातून काढलं, कानांच्या लांब पाळ्या घासून गुळगुळीत केल्या आणि म्हणाला, झकास बसलीये. आयुष्यातलं कौतुक काय ते तेवढंच. कारण शेजारी उभा नटराज! परीक्षा जवळ आली की सगळ्या पेन्सिली त्याच्याकडे वळायच्या. काय ते हात, काय त्या जटा. त्याची धूळ मऊ ब्रशने झटकायची. माझ्यावर दर वर्षी पांढऱ्या रंगाचा हात मारला की झालं. माझ्या डोक्यावर तर मुलं खोडरबर ठेवायची. चेहऱ्यावर अपार शांती, आत नुसता जळफळाट. शोभत नाही, कळतं मला. पण मी मूर्ती आहे, मुनी नाही.

बाई आधी तडकल्या. मग त्यांनी चष्मा चढवला. माझ्या खांद्यावर चीवराची, म्हणजे भिक्खूच्या वस्त्राची, एक रेघही नव्हती. त्यांनी लवंगीलाच माझी छाती हलक्या हाताने खरवडायला लावली. रंगाचे पापुद्रे निघाले आणि खालून फुलासारखी खूण वर आली.

“श्रीवत्स,” बाई पुटपुटल्या. “अगं, ही छातीवरची खूण जैनांची. हे तर तीर्थंकर.”

माझ्या पायाशी ‘बुद्ध’ लिहिलेली चिठ्ठी होती. लवंगीने ती भिजवून सोलली. खाली इवलासा शंख. प्रत्येक तीर्थंकराचं चिन्ह वेगळं, आणि शंख म्हणजे नेमिनाथ! इतकी वर्षं मला दुसऱ्याच्याच नावाने हाक मारत होते आणि मी मात्र नटराजावर जळत बसले होते.

संध्याकाळी आईबाबा लवंगीला न्यायला आले. दुसऱ्या दिवशी मूर्तिकलेचा पेपर. बाबांनी दारातच बजावलं, की गाइडातला नटराज तोंडपाठ आहे ना, मग तोच लिही, नसते उद्योग नकोत. आईनेही मान डोलावली. मी कान टवकारले. नटराज तर आधीच जिंकल्यासारखा पाय उचलून उभा.

मित्रांनो, आम्हाला पुसा, रंगवा, पण चिठ्ठी चिकटवण्याआधी एकदा नीट बघा. एवढंच मागणं.

लवंगीने दप्तर खांद्याला अडकवलं, माझ्या डोक्यावरचा खोडरबर उचलून खिशात टाकला आणि वळली.

“आई, बाबा, माझं ठरलंय. उद्या मी नेमिनाथांवर लिहिणार. नटराज सगळ्यांचाच आहे. हे माझ्या ओळखीचे आहेत.”