पूर्णिमाचे मानधन

पूर्णिमाने पाच वर्षांची आयकर विवरणपत्रे टेबलावर ओळीने मांडली. रंगनाथ करसल्लागारांनी त्यांच्याकडे असे पाहिले, जणू कुणी त्यांचेच उष्टे ताट पुन्हा त्यांच्यापुढे वाढले होते.

"यात चूक काय आहे? एका रुपयाचाही कर लागलेला नाही तुम्हाला."

"काका, मला एक रुपया मिळालेलाही नाही."

रंगनाथांनी चष्मा कपाळावर चढवला. पुण्यात बिबवेवाडीतले निम्मे फोटोग्राफर, शिकवणीवाले आणि घरबसल्या काम करणारे संगणकवाले त्यांच्याकडेच येत. नोकरदाराचा कर परस्पर कापला जातो. या लोकांना तो स्वतःच्या हाताने भरावा लागतो, म्हणून दर जुलैत त्यांच्या पोटात गोळा येतो. त्या गोळ्यावर रंगनाथांकडे एक रामबाण औषध होते. बायकोला मानधन दिल्याचे दाखवा, तेवढे उत्पन्न कमी. घरचा पैसा घरात.

पूर्णिमाचा नवरा उत्तरेश्वर मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांसाठी पाकिटांची डिझाइन करून देई. मसाले, गूळ, पापड, जे येईल ते. पाच वर्षांपूर्वी त्याने हे औषध घेतले. त्यासाठी बायकोकडे शिक्षण हवे होते, म्हणून पेटीच्या तळातून तिची चित्रकला शिक्षकाची पदविका निघाली. बारा वर्षांच्या संसारात त्या पदविकेला ऊन लागले ते तेवढेच. मग महिन्याच्या एक तारखेला पूर्णिमाच्या खात्यावर चाळीस हजार येऊ लागले आणि संध्याकाळपर्यंत जाऊही लागले, कारण तिचे एटीएम कार्ड उत्तरेश्वरच्या पाकिटात असे. जुलैत तो स्वयंपाकघराच्या दारातून विचारी, ओटीपी आला का? ती पोळी लाटता लाटता आकडे सांगे. करभरणीत तिचा वाटा एवढाच.

गंमत अशी की तो कागद निम्मा खरा होता. काम तीच करत होती. हळदीच्या पाकिटावरचे पान तिचे, गुळाच्या खोक्यावरची वळणदार अक्षरे तिची. उत्तरेश्वर ती संगणकावर चढवी आणि कोपऱ्यात आपले नाव टाकी. एखाद्या व्यापाऱ्याने घरी येऊन कौतुक केलेच, तर म्हणे, "तिला काय विचारता, तिला काय कळतंय त्यातलं." तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पूर्णिमा चहा आणायला आत जाई.

दिवाळीनंतर त्याने तिला घराबाहेर काढले. आठ वर्षांच्या स्वरालीला घेऊन ती मांजरी गावात भावाकडे राहत होती. पोटगीसाठी तिने कोर्टात अर्ज केला, महिना पंधरा हजारांचा. उत्तरादाखल त्याने हीच विवरणपत्रे हजर केली. बाई कमावती आहे, तिला पोटगी कशाला?

"तुम्ही फक्त एक पत्र द्या," पूर्णिमा म्हणाली. "पैसे नुसते खात्यातून फिरवले, मला मिळाले नाहीत, एवढंच."

"म्हणजे मी खोटी विवरणपत्रं भरली, असं मीच लिहून देऊ?" रंगनाथ हसले. "आणि पूर्णिमाताई, तुमच्या नावाचं विवरणपत्र तुमचंच असतं. ओटीपी कुणी दिला होता? मी?"

"मी दिला."

"मग झालं. उद्या नोटीस आली, तर तीही तुम्हालाच येणार. निघताना दार ओढून घ्या. आमचं एसीचं बिल मात्र खरं येतं."

शिवाजीनगरला वकील कल्याणीताईंच्या ऑफिसात पोहोचेपर्यंत तिला पत्राची आशा उरली नव्हती. कल्याणीताईंनाही ती मुळात नव्हती. त्यांनी उत्तरेश्वरचे लेखी म्हणणे उघडले आणि बाजारहाटाची यादी वाचावी तसे वाचायला सुरुवात केली.

"अर्जदार ही अत्यंत कुशल चित्रकार असून, माझ्या व्यवसायाला मिळालेले नाव मुख्यतः तिच्या हाताचे आहे. तिच्यासारखे अक्षर काढणारे माणूस माझ्या पाहण्यात नाही."

"पुन्हा वाचता?"

"कशाला?"

पूर्णिमाला आनंद झाला होता. ज्या ओळीने पोरीच्या तोंडचा घास काढायचा, त्याच ओळीने तिला आनंद झाला होता, आणि त्याची तिला इतकी लाज वाटली की ती पंख्याकडे बघत राहिली.

"हे सगळं आपल्याला नाकारायचंय," कल्याणीताई म्हणाल्या.

"पण काम खरंच मी केलंय. पैसे दिले नाहीत, एवढंच सांगू ना. तेच खरं आहे."

"खात्यावर पैसे आलेले दिसतात, तुमच्याच कार्डाने काढलेले दिसतात. ते कुणी काढले, हे कसं सिद्ध करणार? आणि काम येतं म्हणालात की समोरचा वकील म्हणणार, मग करा की काम. पंधरा हजार हवेत ना?"

सकाळी भावजयीने स्वरालीच्या ताटातली दुसरी पोळी उचलून डब्यात ठेवली होती. दुपारी लागेल म्हणाली होती. स्वरालीने आईकडे पाहिले होते आणि पाणी पिऊन घेतले होते.

"हवेत," पूर्णिमा म्हणाली.

प्रतिज्ञापत्र छापून आले. लग्नाआधीची पदविका कागदापुरतीच असून, अर्जदाराला चित्रकला, अक्षरलेखन किंवा तत्सम कोणतेही काम येत नाही. लग्नानंतर तिने हातात ब्रश धरलेला नाही. पतीच्या व्यवसायात तिचा कसलाही सहभाग नव्हता. पूर्णिमाने ते एकदाच वाचले. खाली 'ठिकाण' आणि 'दिनांक' यांच्यापुढे जागा मोकळी होती. पेन उचलून तिने ती भरली.

कल्याणीताईंनी कागद ओढून घेतला आणि त्यांचा हात थांबला. बोटभर जागेत 'पुणे' असे काही बसले होते, की वरचा सगळा छापील मजकूर गबाळा दिसावा. त्यांनी पूर्णिमाकडे पाहिले. मग कागदाचे चार तुकडे करून टोपलीत टाकले, नवी प्रत काढली आणि ठिकाण, दिनांक स्वतःच्या गिचमिड अक्षरात लिहून टाकले.

"बँकेत सही इंग्रजीत करता ना? तेवढीच करा. आणि कोर्टात कुणी काही लिहायला सांगितलं, तर हात दुखतो म्हणा."

पूर्णिमाने मान हलवली आणि त्यांनी बोट ठेवले होते तिथे सही केली.