दाराबाहेरचं आमेन

सगळ्यांचं "आमेन" म्हणून झालं, बाकं करकरली, कुणीतरी खोकलं आणि मग ते दाराबाहेरून आलं. घोगरं, जाड, एक श्वास मागं राहिलेलं.

"आमेन."

घडीताईनं मान वळवली नाही. शेजारी बसलेल्या नणंदेनं मात्र तिचं मनगट असं काही धरलं की नखं रुतली.

"वहिनी, ऐकलंस?"

"काय?"

"काय म्हणजे? दादा होता तो!"

"वन्सं, गप बसा. फादर बघताहेत."

फादर खरंच बघत होते, पण या दोघींकडे नाही. वेदीवरून ते थेट दाराकडे बघत होते. हातातलं पुस्तक उघडंच होतं, पण पुढची ओळ काही त्यांच्या तोंडून निघेना. दाराच्या चौकटीत सकाळचं ऊन होतं आणि ऊन पडलेली पायरी रिकामी होती.

घडीताईच्या नवऱ्याला पुरून तेव्हा महिना होत आला होता.

दोघांनीही उभा जन्म एकाच इस्पितळात काढला. तो बॉयलरवर, ती धुलाईखात्यात. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनची हिरवी कापडं यांच्या घड्या घालण्यात तिचा हात असा बसला होता की तिचं खरं नाव इस्पितळात कुणाला ठाऊकच नव्हतं. सगळ्यांची ती घडीताई. त्याला सगळे बॉयलरवाला म्हणायचे. बॉयलरच्या घरघरीनं त्याचे कान लवकरच गेले. समोरच्याचं बोलणं तो ओठांवरून उचलायचा, म्हणून उत्तर उशिरा द्यायचा, आणि द्यायचा ते ओरडून. चर्चमध्येही तसंच. सगळ्यांचं संपलं की याचं सुरू. लग्न नवीन होतं तेव्हा ती लाजेनं अर्धी व्हायची.

मग त्यांना मुलगी झाली. दिवस मावळायच्या आत गेली. फादरना बोलावणं धाडलं होतं, पण ते पोचेपर्यंत उशीर झाला. हे आताचे नव्हेत, तेव्हाचे म्हातारे फादर. मनानं वाईट नव्हते. दवाखान्याची वेळ सांगावी तशा सुरात त्यांनी सांगितलं, "बाप्तिस्मा झालेला नाही. दफनभूमीच्या भिंतीच्या आत जागा देता येणार नाही. नियम आहे."

घडीताईनं मान डोलावली. फादर म्हणतात म्हणजे तसंच असणार. लहानपणापासून तिला हेच शिकवलं होतं आणि हेच तिला येत होतं. भिंतीच्या मागं, वाळलेली फुलं टाकतात त्या जागेपलीकडे, त्यानं स्वतः खड्डा खणला. रडला नाही, भांडला नाही. पुढच्या रविवारी बायकोला घेऊन चर्चपर्यंत आला आणि पायरीवर थांबला.

"तू जा आत. मी आहे इथं."

तो पुन्हा कधी आत गेला नाही. पावसात, थंडीत, सणाच्या मोठ्या उपासनेला, मिस्सालाही बाहेरच. सगळ्या प्रार्थना म्हणायचा, गुडघे टेकायचा, पण पायरीवर. पोरं त्याला दारवान म्हणायची. म्हाताऱ्या फादरनी अहंकारावर उपदेश केले, तेही त्यानं बाहेरून मन लावून ऐकले, म्हणजे त्याला जेवढे ऐकू आले तेवढे. घडीताईला त्याचा राग यायचा. देवाघरी हट्ट कसला करायचा? पण घरी या विषयावर दोघंही अवाक्षर काढत नसत. वेदीवरची पांढरी कापडं ती घरी आणून धुवायची, इस्त्री करायची, तेव्हा तो हात साबणानं धुऊन कापडाचं दुसरं टोक धरायचा. एवढंच.

मरताना त्यानं एकच मागितलं. "मला तिच्याशेजारी ठेवा." नणंदेनं आकांत केला. माझा भाऊ बाप्तिस्मा झालेला, तो का म्हणून भिंतीबाहेर? पण त्याचा शब्द होता. फादर तेव्हा परगावी होते, म्हणून घरच्यांनीच प्रार्थनेविना ठेवला.

आणि आता हे.

पुढच्या रविवारी आवाज जास्त स्पष्ट आला. कॉयरची बाई गाता गाता चुकली. त्याच्या पुढच्या रविवारी फादरनी मोठं दार लावून घ्यायला सांगितलं. वर खाली कड्या घातल्या. पहिली प्रार्थना झाली, सगळ्यांनी आमेन म्हटलं, अगदी हळू, जणू कुणाला जागं करायचं नव्हतं. सगळं चर्च श्वास धरून बसलं.

"आमेन."

दार बंद असूनही आवाज तसूभर कमी झाला नव्हता. उलट लाकडाला तोंड लावून म्हटल्यासारखा तो दारातूनच आला. एक लहान मुलगी मोठ्यानं म्हणाली, "आई, त्यांना आत घ्या ना." तिच्या आईनं तिच्या तोंडावर हात दाबला. चर्चच्या कमिटीतले एक गृहस्थ बाजूच्या दारानं बाहेर जाऊन पाहून आले. कागदासारखे पांढरे पडले होते. आपल्या नेहमीच्या जागेवर न बसता दारापासून लांबच्या बाकावर बसले.

"कुणी नाही," ते म्हणाले. "पण पायरी गरम आहे."

"त्यात काय, ऊन असेल," कुणीतरी म्हणालं.

"ऊन कुठाय आज?"

त्या संध्याकाळी नणंद घरी आली ती चप्पल काढायच्या आधीच बोलू लागली. "वहिनी, तू जाऊन सांग त्याला. तुझं ऐकेल तो."

"जिवंतपणी कधी ऐकलं?"

"थट्टा सुचतेय तुला! लोक बोलायला लागलेत. आपल्या घराला नावं ठेवताहेत."

"वन्सं, तुमचा भाऊ आहे. तुम्ही घाला ना शब्द."

नणंदेनं दाराकडे पाहिलं आणि चहा न घेताच निघून गेली.

दोन दिवसांनी, दुपारी, फादर आले. घडीताई वेदीचं लांब कापड घेऊन उभी होती. एकटीला त्याची घडी जमत नव्हती, मधे झोळ येत होता.

"फादर, जरा टोक धरता?"

त्यांनी धरलं, पण उलटं. तिनं सांगितलं तसं सरळ केलं. बिचारे हवालदिल दिसत होते.

"ताई, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही," ते म्हणाले. "पण मी तो आवाज ऐकलाय. त्यांना काय हवं असेल, तुम्हाला काही सुचतं?"

तेव्हा तिनं मुलीचं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होती. फादर ऐकत होते आणि ऐकता ऐकता त्यांच्या हातातलं कापड खाली लोंबायला लागलं.

"पण ताई, तो नियम तर केव्हाच बदलला."

"म्हणजे?"

"अशा बाळांचंही दफन आता रीतसर होतं. प्रार्थना होते, जागा मिळते. मी शिकत होतो त्याच्या आधीपासून."

"आधीपासून म्हणजे म्हातारे फादर होते तेव्हाही?"

"हो. तेव्हाही."

घडीताईनं आपल्या हातातलं टोक सोडलं नाही. "मग आमच्या ह्यांना कुणी सांगितलं का नाही? दारातच तर उभे होते."

फादर म्हणाले, "मी आता भिंतीमागं येऊन प्रार्थना करतो. उद्याच करतो."

"आता कशाला?" ती म्हणाली. "कापड वर धरा, जमिनीला लागतंय."

त्या रविवारी ती आत गेली नाही. नणंद ओढत होती, तरी पायरीवर बसली. तिच्या पाठीमागं दार बंद झालं, कड्या पडल्या. बाहेरून चर्च कसं ऐकू येतं हे तिला ठाऊकच नव्हतं. शब्द कळतच नव्हते, नुसती गुणगुण, दुसऱ्याच्या घरातली वाटावी तशी. असं ऐकलं त्यानं, एवढी वर्षं. तिच्या बाजूचा दगड हळूहळू उबदार झाला. बॉयलरवरून येऊन तो घरी शेजारी बसायचा तेव्हा ओटा व्हायचा तसा.

आतून आमेन झालं. मग अगदी कानाशी त्याचं. तिनं डोळे मिटून घेतले.

आणि त्यानंतर आणखी एक आलं.

हलकं, बाईचं. बाळाचं नव्हे, लहान मुलीचंही नव्हे. तिशी उलटलेल्या, शहाण्या, जरा दमलेल्या बाईचं आमेन. बापासारखंच मागं राहिलेलं.

घडीताईच्या अंगावर काटा आला तो डोक्यापर्यंत गेला. लेक वाढली होती. इकडे बाहेर, भिंतीमागं, ती वाढत राहिली होती. आणि तो हट्टानं उभा नव्हता. तो लेकीला सोबत करत होता. तिला बोलायला शिकवत होता. आणि आई आत बसून त्याच्यावर रागावत होती.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. रविवारमागून रविवार ती पायरीवर बसू लागली. आत माणसं कमी होत चालली, नणंद दुसऱ्या चर्चला जाऊ लागली, तरी तिला त्याचं काही वाटेना. भिकाऱ्याला घबाड मिळावं तशी ती ते दुसरं आमेन उराशी धरून आठवडा काढायची. धुलाईखात्यात चादरी घडी करता करता स्वतःशीच हसायची. लोकांना वाटलं, नवरा गेला आणि हिचं डोकं फिरलं.

पण कान देऊन ऐकायला लागलं की माणसाला नको तेही ऐकू येतं. दर वेळी ते हलकं आमेन जास्त दमलेलं यायचं. आतले शब्दही तिला आता उमगू लागले होते; एके रविवारी आत आजाऱ्यांसाठी प्रार्थना झाली, प्रवासावर निघालेल्यांसाठी झाली, पीकपाण्यासाठी झाली. प्रत्येकीला बाहेरून दोघांनी आमेन म्हटलं. आणि घडीताईच्या ध्यानात आलं की ही दोघं जन्मभर दुसऱ्यांच्याच प्रार्थनांना आमेन म्हणत आली. त्यांच्यासाठी तशी एकही झाली नव्हती.

मिस्सा संपल्यावर ती फादरकडे गेली.

"आज येता?"

फादरनी तिच्याकडे नीट पाहिलं. "ताई, प्रार्थना झाली की कदाचित... नंतर ऐकू येणार नाही. चालेल तुम्हाला?"

"चालेल कसं?" ती म्हणाली. "पण चला."

नुकतीच बाहेर पडलेली चार माणसंही मागून आली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. भिंतीमागं गवत वाढलं होतं. फादरनी पुस्तक उघडलं आणि थांबले.

"मुलीचं नाव काय घेऊ?"

"ठेवलंच नव्हतं."

फादरनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी न वाचताच प्रार्थना केली, सावकाश, मोठ्यानं, बहिऱ्या माणसाला ओठ दिसावेत अशी. शेवटी म्हणाले, "प्रभो, या बाईंचा नवरा आणि या दोघांची मुलगी. यांना आत घे."

माणसांनी आमेन म्हटलं.

सगळे थांबले. घडीताई दोन पावलं पुढं गेली आणि वाकून ऐकू लागली. गवत हललं, थांबलं. लांब कुठंतरी एक मोटार सुरू झाली.

काहीच आलं नाही.

तिनं खाली बसून गवतावर तळहात टेकवला. जमीन गार होती.

पुढच्या रविवारी ती आत जाऊन आपल्या बाकावर बसली. हवा बोचरी होती. कमिटीतले गृहस्थ दार लावायला उठले, तेव्हा फादरनी वेदीवरूनच हात करून त्यांना थांबवलं. वाऱ्यानं मेणबत्त्या विझल्या. फादरनी त्या पुन्हा लावल्या, पुन्हा विझल्या, पुन्हा लावल्या. मागच्या बाकांवर कुरकुर झाली. दार उघडंच राहिलं.

घडीताईच्या पाठीला वारा लागत होता. तिनं शाल ओढून घेतली नाही.