शिफ्ट सुटल्यावर सांगा

मी फळा बोलतोय. शाळेतला नव्हे, तो गैरसमज आधी काढून टाका. शाळेतल्या फळ्याला अक्कल असते असं लोक समजतात. मी लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यातला. माझ्यावर कुणी कविता लिहिली नाही की गणित मांडलं नाही. बारा लूम, बारा नंबर, नंबरासमोर चालवणाऱ्याचं नाव. वर दिन पाळी, खाली रात पाळी. एवढीच माझी शाळा, आणि तिच्यात मी तीस वर्षं काढली.

जन्मही सांगण्यासारखा नाही. मशिनचे सुटे भाग ज्या खोक्यातून आले, त्याच्या झाकणाच्या मी फळ्या. रामनाथने खिळे मारून त्या जोडल्या, वर उरलासुरला काळा रंग फासला आणि धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत आपल्या कारखान्याच्या दाराशी मला टांगलं. रंग लावताना त्याने एक कोपरा सोडला. तिथे अजून खडू उठत नाही. कामात कसूर ती कसूर, मी काही विसरलेलो नाही.

रामनाथ इथलाच, जवळच्या टेमघर गावचा. चौथी शिकलेला, बोलायला कंजूष. लूम चालू असले की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे हातवाऱ्यांनी बोलतात. तीस वर्षांत रामनाथचे कान गेले, आणि जे काही थोडं बोलायचा तेही गेलं.

आता कारखान्यातली एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं.

कामगाराच्या गावाहून वाईट बातमी आली, तर शिफ्ट सुटेपर्यंत त्याला सांगायची नाही. पूर्वी एकदा एकाला भर दुपारी सांगितलं होतं. त्याचं डोकं गेलं गावाला, हात राहिला मशिनमध्ये, आणि दोन बोटं गेली. तेव्हापासून रामनाथने ठरवून टाकलं. बातमी आली की मुकादम नवशा माझ्याजवळ यायचा आणि त्या माणसाच्या लूम नंबरापुढे बारीक फुली मारायचा. म्हणजे याला काही सांगायचंय, संध्याकाळी सातला सांगा. तो माणूस चार वेळा माझ्यासमोरून पाणी प्यायला जायचा. त्याचा बाप गेलाय हे मला ठाऊक असायचं, त्याला नाही.

एकदा सात नंबरच्या इसरारला असंच सातला सांगितलं. दुपारची गाडी मिळाली असती तर त्याला मातीला पोचता आलं असतं. तो रामनाथसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "वो मेरा बाप था सेठ, आपके कपड़े का ताका नहीं." गेला तो परत आला नाही.

रामनाथने माझ्यावरची त्याची फुली पुसली. मग नवशाला म्हणाला, "हात शाबूत घेऊन गेला ना, बस."

रीत तशीच राहिली. मीही काही बोललो नाही. बोलणार कसा म्हणा.

मग धंदा बसला. लूम भंगारात गेले, जागेवर गोदाम झालं. भंगारवाल्यालाही मी नको होतो, म्हणून रामनाथने मला टेमघरच्या घरी आणून मागच्या पडवीत टाकलं. तिथे माझ्यावर मिरच्या वाळल्या, पायपुसणी वाळली. एका मांजरीने पिल्लंही घातली माझ्या आडोशाला. तीस वर्षं बारा लूमची हजेरी सांभाळणाऱ्याची ही किंमत.

मला तिथून उठवलं ते ऋतिकाने, रामनाथच्या एकुलत्या एक मुलीने. पोरगी एम.ए. झालेली. तिला पुढे पीएचडी करायची होती. विषय काय, तर घरात बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका. तिची आई सीताबाई लग्नानंतर अकरा वर्षं तेच करत होती. पण पीएचडीला आधी प्रवेश परीक्षा, आणि त्या परीक्षेत अवघड अवघड इंग्रजी शब्द. ऋतिका मराठी शाळेतली. दोन वेळा त्या शब्दांनीच तिला पाडलं होतं. ज्यांच्या हाताखाली शिकायचं त्या मॅडमकडे एकच जागा उरली होती आणि वर्षभराने त्या निवृत्त होणार होत्या. म्हणजे हीच शेवटची खेप.

तिने मला धुतलं, पुसलं आणि त्याच पडवीत स्वयंपाकघराच्या दारासमोर टांगलं. रोज सकाळी वीस शब्द. इंग्रजी मला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर आवडतही नाही. पण ती एकेक शब्द मोठ्याने म्हणायची, अर्थ सांगायची, आणि आतून तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता सीताबाई ऐकायची. सीताबाईला अक्षरओळख नव्हती. तरी आठवड्याभरात तीच मास्तरीण झाली.

तिची पद्धत अशी. शब्द सुटा ठेवायचा नाही. कुणाच्या तरी गळ्यात बांधायचा.

"लॅकॉनिक," ऋतिका म्हणायची. "म्हणजे मोजकंच बोलणारा."

"तुझा आप्पा. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, बत्तीस वाक्यं न्हाय झाली अजून. पुढचा?"

"गॅर्युलस. फार बडबड करणारी."

"गुणाबाई."

तेवढ्यात शेजारच्या खिडकीतून गुणाबाई: "माझा नाव कोण घेतला गो?"

"बघ. मी बोलले न्हाय तर आली. पुढचा?"

"एफेमरल. थोडाच वेळ टिकणारं."

"टेमघरच्या नळाचा पानी."

पोरगी हसून खडू टाकायची आणि सीताबाई आतून दटावायची, "शिफ्ट चालू हाय तुझी. बस खाली." त्या घरात अभ्यासाला अभ्यास कुणी म्हणतच नव्हतं. शिफ्ट म्हणायचे. सात वाजता ऋतिकाची शिफ्ट लागायची आणि दहाला सुटायची. तोवर पाहुणा आला तरी गुणाबाई त्याला स्वतःच्या ओट्यावर बसवून ठेवायची.

एक दिवस शब्द निघाला कॅन्टँकरस. म्हणजे किरकिऱ्या, सदा भांडायला टपलेला. सीताबाईने क्षणभर विचार केला आणि भाकरीचा हात माझ्याकडे केला. "हा फळा. पुसायला गेलं की रोज एक कुसळ घालतो बोटात."

मला राग आला. पण कुसळं होती, नाही म्हणून चालायचं नाही.

असे सहाशे शब्द झाले. सगळी गल्ली त्यांत आली. हट्टी आत्या, चिकट वाणी, उगीच पुढे पुढे करणारा नगरसेवकाचा मेव्हणा. परीक्षेच्या आदल्या दिवशी ऋतिका माझ्याकडे पाठ करून बसली आणि सगळे शब्द घडाघडा म्हणाली. एकही चुकली नाही. सीताबाई चुलीपाशी डावा खांदा दाबत उभी होती.

"काय होतंय गो आय?"

"पित्त झालंय. तू तुझा बघ."

मी बघत होतो. ते पित्त नव्हतं. दोन दिवस ती खांदा दाबत होती.

रविवारी परीक्षा होती, ठाण्याला, दहा वाजता. ऋतिका साडेसहाला घरून निघाली. सीताबाईने तिला दही दिलं, दारापर्यंत गेली, रिक्षा वळेपर्यंत थांबली. मग आत आली आणि माझ्या खाली भिंतीला टेकून बसली. बसली म्हणजे घसरलीच. कपाळावर घाम. सात वाजले असतील.

रामनाथ पाणी घेऊन धावला. तिचा चेहरा बघून त्याने खिशातून फोन काढला.

सीताबाईने त्याचं मनगट धरलं. रामनाथला ऐकू येत नाही, म्हणून तिने त्याचं तोंड स्वतःकडे वळवलं आणि हळूहळू बोलली, ओठ वाचता येतील असं.

"पोरीला करू नका. तिची शिफ्ट सुटू दे. मग सांगा."

"सीता, ती अजून वाटेत हाय. परत येईल."

"म्हणूनच बोलते. आज मधेच उठून आली, तर पुन्हा बसायची न्हाय ती. मी ओळखते तिला."

रामनाथने मान हलवली, नाही म्हणून. तिने मनगट सोडलं नाही. त्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फोन खिशात टाकून रिक्षा बोलवायला बाहेर पळाला. त्या घरात हे ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. मी होतो.

पुढचं मी गुणाबाईच्या तोंडून ऐकलं. दवाखान्यात सीताबाई दोन वेळा शुद्धीवर आली आणि दोन्ही वेळा तिने किती वाजले ते विचारलं. अकराला ती गेली.

बाराला पेपर सुटला. ऋतिकाने बाहेर येऊन फोन केला तेव्हा, लोक सांगतात, ती हसत होती. चांगला गेला होता पेपर. रामनाथला त्यातलं काही ऐकू आलं नसणार. फोनवर तिचं नाव बघून तो फक्त म्हणाला, "घरी ये."

ती आली तेव्हा ओटीवर बायका बसल्या होत्या. ते सगळं मी सांगत नाही. संध्याकाळी, सगळं उरकल्यावर, ती माझ्यासमोर बापापुढे उभी राहिली.

"किती वाजता सुरू झालं, आप्पा?"

त्याला ऐकू आलं नाही. तिने बोटाने मनगटावर घड्याळ दाखवलं.

"सात," तो म्हणाला.

"माझा फोन नऊपर्यंत चालू होता. सातला मी रिक्षातच होते. मी आठला दवाखान्यात असते. ती बोलत होती तेव्हा जवळ असते." ती ओरडली नाही. ओठ नीट हलवून बोलली, त्याला कळावं म्हणून. त्यामुळे ते ओरडण्याहून वाईट होतं. "तुम्ही का नाही सांगितलं?"

रामनाथ खाली बघून म्हणाला, "शिफ्ट चालू असताना सांगत नसतात."

एवढंच. पुढचं वाक्य त्याच्या तोंडात होतं, मला दिसत होतं. ते त्याने गिळलं.

"मी तुमचा कामगार नाही," ऋतिका म्हणाली आणि आत गेली. त्याला आज तीन महिने झाले. ती त्याला जेवायला वाढते, औषध देते. बोलत नाही.

दहाव्यानंतर गुणाबाईने रामनाथला गाठलं. ऋतिका घरात नव्हती.

"भाऊ, तुला अक्कल हाय का न्हाय? पोरीला फोन कराचा सोडून बसलास?"

बहिरा माणूस, त्याला हळू बोलता येत नाही. त्याने सगळं सांगून टाकलं, पडवी दणाणेल असं.

"अरे मग पोरीला सांग ना."

"सांगू आणि आयवर राग धरू दे? मेलेल्यावर धरलेला राग काढायचा कुणावर? माझ्यावर काढू दे. मी हाय अजून." मग तिला म्हणाला, "माझ्या गळ्याची शपथ हाय तुला."

सगळ्या टेमघरची बातमी वेशीपार नेणारी बाई, पण ही एक तिने पोटात ठेवलीय. ऋतिका समोर आली की डोळे पुसत स्वतःच्या घरात निघून जाते. म्हातारपणी माणसाला शहाणपण येतं तेही अवेळी येतं.

निकाल लागला. ऋतिका पास झाली, चांगल्या गुणांनी. मॅडमचा फोन आला. ठाण्याला मुलाखतीला ये, विषय इंग्रजीत मांडायचाय, तयारी कर. त्या दिवशी रामनाथने मला खाली काढलं, ओल्या फडक्याने पुसलं, नवा खडूचा डबा आणून खाली ठेवला आणि बाजूला उभा राहिला, परीक्षेला बसल्यासारखा.

ऋतिकाने खडू हातात घेतला. एक शब्द लिहिला. तिथेच थांबली. मग माझ्यावर कपाळ टेकवलं आणि हळूच म्हणाली, "कुठलाही शब्द लिहिला तरी आय बोलते त्याच्यातून."

खडू परत डब्यात गेला. मॅडमना तिने कळवलं की मी येत नाही. मॅडम चांगल्या असाव्यात. म्हणाल्या, गुरुवारच्या मुलाखतीपर्यंत यादीतून तुझं नाव काढत नाही.

आज सोमवार.

सीताबाईचा हिशेब चुकला. पोरगी मधे उठली नाही, पूर्ण पेपर लिहून आली, आणि तरी उठलीच. रामनाथही चुकतोय. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतो. मी म्हणतो धरावा. मेलेल्याला काही लागत नाही, आणि जिवंत आहे त्याच्याशी बोलता येतं.

माझं आता काही नाही. रंग उडालाय, एक फळी सुटलीय, पावसात फुगून फुटेन. मला वाचवा असं मी म्हणत नाही. पण मी लाकूड आहे, मला तोंड नाही, गुणाबाईला शपथ आहे, आणि रामनाथ तोंड असून उपयोगाचा नाही. राहिलात तुम्ही, लिहिता-वाचता येणारी माणसं. टेमघरला कुणीही रामनाथचं घर दाखवील. ऋतिकाला बाहेर बोलवा आणि एवढंच सांगा. बापाने ठरवलं नव्हतं. तो फोन काढून उभा होता. तुझ्या आईने त्याचं मनगट धरलं, तुझी शिफ्ट सुटू दे म्हणाली, आणि तुला ओळखते म्हणाली.

ऐकून ती रागवेल. आईवर रागवेल, चांगली मोठ्याने रागवेल. रागवू द्या तिला, मधे बोलू नका. फक्त हे बुधवारच्या आत करा, म्हणजे गुरुवारी सकाळी ठाण्याची बस तिला मिळेल.