सव्वातीन मैदानं

चेंडू तिनेच निवडला होता, टेनिसचा. शाळेत सूर्यमाला उभी करायची म्हटल्यावर विज्ञानाच्या बाईंनी मोजमापं तिच्यावर सोपवली, कारण पालकांमध्ये भौतिकशास्त्र शिकलेली ती एकटीच. तिने हिशेब बरोबरच केला, फक्त तो उलट्या बाजूने केला. आधी पाहिलं की नेपच्यून कुठे यायला हवा, आणि मग त्याला साजेसा सूर्य शोधला. नेपच्यून फाटकाच्या आत यायला हवा होता, कारण नेपच्यून होणार होती तिची मुलगी, भिंगरी.

"सूर्यमालेलासुद्धा कुंपण घातलंस की गं!" भिंगरीचे बाबा हसत म्हणाले होते.

"हसा. रस्त्यावरच्या गाड्या तुम्ही नाही बघत."

टेनिसचा चेंडू सूर्य धरला, की पृथ्वी खसखशीच्या दाण्याहूनही बारीक होते आणि सात-आठ पावलांवर येते. गुरू हरभऱ्याएवढा. नेपच्यून म्हणजे मोहरीएवढा निळा मणी, तो थेट मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, फाटकाला लागून. मध्ये सगळी नुसती मोकळी जागा. मैदानावर खडूने खुणा करताना भिंगरी सारखी विचारत होती, "एवढं रिकामं? मग तिथे असतं काय?"

आज ती पोहोचली तेव्हा कार्यक्रम सुरू व्हायचा होता. फाटक सताड उघडं. पालकांच्या स्कूटरी आत घेण्यात फाटकावरचे काका गुंतलेले. तिने आधी फाटकालगतची खूण पाहिली. खुणेवर कोणीच नव्हतं.

असेल पाणी प्यायला गेलेली, तिने स्वतःला समजावलं. पण मनात पाल चुकचुकलीच. युरेनस झालेल्या मुलीकडे ती जवळजवळ धावतच गेली.

"भिंगरी कुठाय?"

"ती म्हणाली, आपण सगळे चुकीच्या जागी उभे आहोत. मग गेली."

"कुठे गेली?"

मुलीने खांदे उडवले. ग्रहांनी हलायचं नाही, असं बाईंनी बजावलेलं. तिने मानही वळवली नव्हती.

भिंगरीच्या आईने सूर्याकडे पाहिलं. व्यासपीठाजवळच्या स्टुलावर टेनिसचा चेंडू नव्हता. फुटबॉल होता!

"अहो, तो लिंबाएवढा सूर्य मागच्यांना दिसणार कसा?" खेळाचे सर म्हणाले. "मी मोठा आणून ठेवला. खुणा तुमच्याच आहेत, त्यांना हातसुद्धा लावला नाही."

फुटबॉल म्हणजे सव्वातीन पट. सूर्य सव्वातीन पट, तर अंतरंही सव्वातीन पट. हे भिंगरीला कोणी शिकवलं? तिनेच, खडूने माखलेल्या हातांनी.

आणि मैदानं मोजायलाही तिनेच शिकवलं होतं. शाळेतून घरी जाताना भिंगरीचे पाय दुखायचे, तेव्हा आई म्हणायची, "बेकरीपर्यंत एक मैदान. झालं की! सिग्नलपर्यंत अजून एक." व्यासपीठापासून फाटकापर्यंत एक, बेकरीपर्यंत दोन, सिग्नलपर्यंत तीन. उरलेलं पाव मैदान मोठ्या रस्त्याच्या पलीकडे.

पुढे काय झालं ते तिला नीट आठवत नाही. बाईंच्या हाका, हातातून निसटलेली पिशवी. बेकरीवाला "ताई, काय झालं?" म्हणून ओरडला, त्याला उत्तर द्यायलाही ती थांबली नाही. कुठे ब्रेक करकचला की काळजात धस्स व्हायचं. डोळ्यांपुढे नको नको ते येत होतं.

सिग्नलवर गाड्यांची रांग सुसाट सुटलेली होती. आणि पलीकडे, चष्म्याच्या दुकानाच्या जरा पुढे, फुटपाथवर भिंगरी ताठ उभी होती. शाळेकडे तोंड करून, एक हात पुढे धरून.

भिंगरीने आईला पाहिलं. तिचा चेहरा उजळला, आणि ती धावत येऊन एक पाय फुटपाथवरून खाली टाकणार, तेवढ्यात आई किंचाळली, "नेपच्यून! जागा सोडायची नाही!"

भिंगरीने पाय मागे घेतला. दोघींच्या मधून एक बस धडधडत गेली, लांबलचक, संपता संपेना. ती गेली तेव्हा भिंगरी तिथेच होती.

पलीकडे पोहोचल्यावर आईने तिला इतकं घट्ट धरलं, की ती कुरकुरली, "आई, दुखतंय."

"रस्ता कसा ओलांडलास?" आईने विचारलं.

"तू ओलांडतेस तसा. हिरवा माणूस दिसेपर्यंत थांबले. मग उजवीकडे बघितलं, डावीकडे, परत उजवीकडे. मग अजून एकदा, तुझ्यासाठी."

भिंगरीने मूठ उघडली. मुठीत मणी नव्हता, निळं बटण होतं. तिच्या बाहीवर नुसता दोरा लोंबत होता. "मणी लहान पडत होता गं. तोही मोठा करायला नको का?"

आईने मागे वळून पाहिलं. शाळा दिसत नव्हती, फुटबॉल तर नाहीच. हे एवढं अंतर भिंगरी एकटी चालून आली होती.

फोन वाजला. बाई रडवेल्या झाल्या होत्या. "सापडली का हो?"

"सापडली."

"मग आणताय ना तिला? सगळे खोळंबलेत."

भिंगरी तिच्याकडे बघत होती. "आई, माझी जागा बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," ती म्हणाली. फोनवर तिने सांगितलं, "तुम्ही सुरू करा, बाई. नेपच्यून जागेवर आहे. मी थांबलेय त्याच्यापाशी."

तिने भिंगरीचा मोकळा हात धरला, आणि रस्त्याकडे नजर लावून तिच्याशेजारी उभी राहिली.