पडकं शेड, किंमत नऊ लाख

पिंप्राळ्याची जीनत केळी पिकवायच्या गार खोल्या बांधून देई. नवऱ्यामागं हा धंदा तिनं एकटीनं वाढवला होता. सावद्याच्या एका वेफर्स कंपनीला तिनं अशा सहा खोल्या करून दिल्या. अर्धे पैसे मिळाले, उरलेले यायच्या आत कंपनीचं दिवाळं वाजलं.

कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवायला लिक्विडेटर नेमला गेला. त्यानं केलेली यादी जीनतनं वाचली. भट्ट्या होत्या, दोन ट्रक होते. तिच्या खोल्या कुठेच नव्हत्या.

तिनं रावेरच्या नोंदणी कार्यालयातून खरेदीखताची नक्कल काढली. दिवाळखोरीच्या सात महिने आधी मालक प्रेमराजनं ती जागा खोल्यांसकट मेहुण्याला विकली होती. खतात लिहिलं होतं, ‘पडकं शेड’. किंमत नऊ लाख. नुसत्या खोल्यांनाच एकोणतीस लाख लागले होते.

लिक्विडेटरला तिनं दोन पत्रं लिहिली. उत्तर एका ओळीचं आलं, व्यवहारात गैर काही नाही. धुळ्याचा छगन, ज्याच्या टेम्पोंचं भाडं कंपनीकडे अडकलं होतं, तोही म्हणाला की कंपनीला कर्ज देणारी बँक गप्प बसलीय तिथं आपण काय करणार.

वकील नूतन मॅडमनी मात्र कायदा उघडून दाखवला. लिक्विडेटरनं असा कवडीमोलाचा व्यवहार न्यायाधिकरणाला कळवला नाही, तर ज्याचं येणं आहे तो स्वतः दाद मागू शकतो. “पण ताई, जिंकलात तरी जागा एकट्या तुम्हाला मिळणार नाही. सगळ्यांच्या वाटणीत जाईल.”

“जाऊ द्या,” जीनत म्हणाली. “त्यानं नेलंयही सगळ्यांचंच.”

मुंबईत न्यायाधिकरणापुढं मेहुण्याच्या वकिलानं पहिला वार तिच्या अधिकारावरच केला. कोट्यवधींच्या देण्यात या बाईंचे चौदा लाख; विचारायचा अधिकार लिक्विडेटरचा, या कोण? नूतन मॅडमनी शांतपणे कलम वाचलं आणि दोन्ही पत्रं पुढं ठेवली.

मग न्यायाधीशांनी जीनतलाच विचारलं, शेड पडकं नव्हतं हे कशावरून?

“साहेब, दारं मी स्वतः बसवलीत. प्रत्येक चौकटीच्या आतल्या बाजूला माझ्या वर्कशॉपचं नाव आणि तारीख ठोकलीय. माणूस पाठवून बघा.”

माणूस गेला. सहाही चौकटींवर तारीख होती, विक्रीच्या चार महिने आधीची. खोल्यांत केळी पिकत होती.

निकाल आला तेव्हा जीनत नूतन मॅडमच्या ऑफिसात खुर्चीच्या कडेला बसली होती. अर्ज करायचा तिला पूर्ण अधिकार आहे, विक्री रद्द, जागा कंपनीच्या मालमत्तेत परत, लिक्विडेटरचीही चौकशी व्हावी. मॅडमनी ते पान तिला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिनं स्वतः वाचलं, मोठ्यानं.

लिलावात जागेला पावणेदोन कोटी आले. वेफर्स तळणाऱ्या बायकांचा थकलेला पगार आधी चुकता झाला, मग बँकेचं भागलं. जीनतच्या वाट्याला नऊ लाख आले, छगनला दोन.

पैसे जमा झाले त्या दिवशी छगन धुळ्याहून मोटरसायकलवर आला. पेढ्यांचा पुडा तिच्या हातात देत म्हणाला, “बठ्ठासनं, सगळ्यांचं काम तुम्ही एकलीनी कयं, ताई.”

जीनतनं पुडा तिथंच फोडला आणि वर्कशॉपमधल्या सगळ्यांना काम थांबवायला सांगितलं.